साबणाचा दात

लाई हान-युनला घरात आ-युन म्हणत आणि शाळेत नळ. नळ हे नाव तिसरीत पडलं. क्रीडादिनाच्या नाचासाठी मुलामुलींच्या जोड्या लावल्या होत्या. हिच्या वाट्याला आलेल्या मुलानं हिचा हात धरला, लगेच सोडला आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडला, "बाई, ही गळतेय!" बाई बिचाऱ्या भल्या. त्यांनी दोघांच्या मध्ये एक पेन्सिल दिली. एक टोक त्यानं धरायचं, दुसरं हिनं. बाकीची मुलं हातात हात घालून नाचली आणि ही दोघं पेन्सिल धरून. बाईंनी चांगुलपणा केला नसता तर कदाचित चार दिवसांत सगळे विसरले असते.

घाम सगळ्यांनाच येतो. शीलुओ गावाच्या उन्हाळ्यात तर देवळातल्या दगडी सिंहांनाही येत असेल. पण आ-युनच्या तळहातांचा घाम उकाड्याचा नव्हता, भीतीचा होता. भ्यायली की तळवे पाझरत, पाझरले की कोणी पाहील म्हणून ती आणखी भिई, आणि मग थेंब बोटांच्या टोकांवरून खाली पडत. लोकांच्या तोंडचं पाणी पळतं म्हणतात. ते पळून कुठे जातं हे तिला पक्कं ठाऊक होतं. पेपर लिहिताना ती हाताखाली रुमाल ठेवी. नव्या वर्षाला नातेवाईक पत्ते कुटायला बसले की ही आजारी पडे. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एकदा सांगितलं होतं की शस्त्रक्रियेनं तळवे कोरडे करता येतात, मात्र पुष्कळांना मग घाम पाठीवर फुटतो. आई ताडकन उठून म्हणाली होती, "राहू द्या. हात लपवता तरी येतात. पाठ कुठे लपवायची?"

आई म्हणजे बी-श्या. सोया सॉसच्या कारखान्यामागच्या गल्लीत तिचं केस धुण्याचं दुकान, आणि गल्लीतल्या समस्त बायकांची डोकी तिच्या ताब्यात. खुर्चीत ताठ बसलेल्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावर ती फेसाचा असा डोंगर रचायची की मानेवर एक ओघळ येत नसे. सकाळी दुकान उघडल्यापासून हात फेसात, खांद्यावर टॉवेल. स्कूटरवर बसली की पांढरे सुती हातमोजे, ते उन्हानं हात काळे पडतात म्हणून. सणाला सगळे जेवून सुस्तावले तरी ही भांडी घासायला उठायची. तिच्या बहिणी म्हणायच्या, "आ-श्याला पाण्याबाहेर काढलं तर तडफडून मरेल."

आणि रस्ता ओलांडताना ती लेकीचं मनगट धरायची. हात कधीच नाही, मनगट. इतर आया पोरांचे पंजे धरून चालायच्या आणि आ-युन मनगटाला धरून ओढली जायची. तिला कारण ठाऊक होतं. ओलाकिच्च हात कोणाला धरवेल? आईलाही किळस येत असणार. तिनं हे कधी विचारलं नाही, आणि न विचारल्यामुळे ते आत रुतून बसलं.

तिचा हात पहिल्यांदा नीट धरला तो दातांच्या डॉक्टरांनी. सात वर्षांची असेल. दाढ किडली होती. खुर्चीच्या दोन्ही हातांवर तिच्या तळव्यांचे ओले ठसे उमटले, ती ते फ्रॉकनं पुसायला लागली आणि डॉक्टर त्सेंगनी पाहिलं. हातमोजे काढून ते नुकतेच हात धुऊन आले होते. त्यांनी तिचा उजवा पंजा सरळ आपल्या पंज्यात घेतला. "अरे बापरे, एवढं पाणी गेलं? मग तुला तहान लागली असेल," म्हणाले, आणि तिला पाणी पाजलं. पण हात सोडला नाही. इंजेक्शन देऊन झाल्यावर दाढ सुन्न होईपर्यंत ते तिचा हात धरून नर्सशी कालच्या बेसबॉलच्या सामन्यावर वाद घालत बसले, जणू हातात काही विशेष नाहीच. आ-युन छताकडे बघत होती आणि तिला रडू येत होतं, ते दाढेमुळे नाही. घरी येऊन तिनं जाहीर केलं, मी दातांची डॉक्टर होणार. आई फेस झटकत म्हणाली, "आधी दात घासायला शीक."

ती शिकली, आणि बाकीचंही शिकली. लेखी परीक्षेत हात कोणी बघत नाही. बारावीच्या थंडीत होणाऱ्या विद्यापीठ-प्रवेशाच्या परीक्षेत तिनं असे गुण काढले की शाळेनं दारावर लाल फलक लावला. पण दातांच्या शाखेला नुसत्या गुणांवर घेत नाहीत. मे महिन्यात बोलावतात, मुलाखत घेतात, आणि त्याआधी हाताचं काम करून दाखवायला लावतात. कधी खडूचा दात कोरायचा, कधी तार वाकवायची. बोटं किती स्थिर आहेत ते पाहायचं असतं त्यांना. ताइचुंगच्या विद्यापीठाचं बोलावणं आलं त्या दिवशी आई-बाबांनी फटाके लावले, आणि आ-युन न्हाणीघरात जाऊन बेसिनवर हात धरून उभी राहिली.

मुलाखतीच्या क्लासचे फांग सर म्हणजे एक प्रकरण होतं. खोट्या मुलाखती घेऊन पोरांना घाबरवायचं, म्हणजे खरीला ती घाबरत नाहीत, अशी त्यांची पद्धत. आ-युनवर तिचा उलटा परिणाम झाला.

"दातांचंच का?" सर टेबलावर थाप मारून विचारत.

"सर, मी वृद्धाश्रमात सेवा करायला जात होते, तिथे आजी-आजोबांना जेवताना होणारा त्रास पाहून—"

"छान. त्रास म्हणताना जरा थांब. डोळ्यांत पाणी आणू नकोस, नाटकी वाटतं. तुझा सगळ्यात मोठा दोष?"

"मी कामात फार चोखंदळ आहे, सर. मनासारखं होईपर्यंत सोडत नाही."

"शाबास. दोष असा सांगायचा की समोरच्याला हेवा वाटला पाहिजे. खरा दोष सांगणारा गाढव असतो. आणि आत गेल्यावर नाव नाही, शाळा नाही, आई-बाप काय करतात ते तर मेलीस तरी नाही. नियम आहे. एकदा एक पोरगा चुकून बोलून गेला, आमच्या बाबांच्या क्लिनिकमध्ये. संपला! त्यांना वाटलं ओळख लावतोय. तुझे बाबा काय करतात गं?"

"सर, ते महामार्गावरची बस चाल—"

"गेलीस!" सर आनंदानं ओरडले. "मी विचारलं तरी सांगायचं नाही."

घरी आईचं निराळंच सुरू होतं. "फार्मसी घे की. गोळ्या मोजायला यंत्र असतं." मग दोन दिवसांनी, "कायदा घे. वकिलाचा हात कोण बघतो?" आणि शेवटी लेक ऐकत नाही म्हटल्यावर तिनं एकच धोशा लावला. "आ-युन, काहीही विचारू देत, हातांचं बोलू नकोस. काय वाट्टेल ते झालं तरी हातांचं बोलू नकोस. एकदा कळलं की लोक आयुष्यभर तेवढंच बघतात."

आ-युनलाही ते पटलं होतं. गळक्या हातांच्या मुलीला दुसऱ्याच्या तोंडात हत्यार घालायला कोण शिकवेल? ती रोज शाळेतून आणलेले खडू कोरत बसायची. खडू तिला मानवला. तो घाम पिऊन टाकी आणि बोटं कोरडी ठेवी. भांडी घासायचे रबरी मोजे चढवूनही ती कोरून पाहायची. पूर्वजांच्या देव्हाऱ्याखालच्या फळीवर खडूच्या दाढांची रांग लागली. बाबा ड्यूटीवरून आले की उदबत्ती लावताना म्हणत, "बरं झालं, पूर्वजांना चावायला दात मिळाले."

मुलाखतीच्या आदल्या दिवशी आईनं आधी तिला विद्येच्या देवाकडे नेलं. तिथे देवाला वाहिलेल्या कांद्याच्या पातीच्या आणि सेलरीच्या जुड्यांखाली पोरांच्या प्रवेशपत्रांच्या प्रती थप्पीनं पडलेल्या. देवाला सुट्टी कधी मिळत असेल कोण जाणे. मग देवळामागे खिम आजीकडे. खिम आजी भीती उतरवायची. गल्लीतलं प्रत्येक दचकलेलं पोर तिच्या हाताखालून गेलेलं. तिनं आ-युनचा वापरलेला शर्ट मागितला, त्यात तांदळाची वाटी गुंडाळली आणि उदबत्तीसह तिच्या डोक्यावरून, छातीवरून, पाठीवरून फिरवत पुटपुटली. शर्ट उघडून तांदळावरच्या खड्ड्यांकडे बराच वेळ पाहत राहिली.

"जुनी आहे," आजी म्हणाली. "फार जुनी भीती आहे ही. पोरीचं वय किती?"

"अठरा."

"हं." आजीनं चिमूटभर तांदूळ लाल कागदात बांधून पुडी केली. "उद्या जवळ असू दे. हिचं झालं. आता तुझा शर्ट आणलायस का, आ-श्या?"

"माझा? मला काय झालंय?"

"बरं," आजी म्हणाली आणि पुढच्या बाईला हाक मारली.

पुडी आईनंच घेतली. "तुझ्या हातात विरघळेल," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून दोघी पहिल्या बसनं ताइचुंगला गेल्या. आ-युननं पांढरा शर्ट आणि काळी पँट घातली होती. खिशात आईच्या दुकानातला एक छोटा टॉवेल होता, केसांच्या रंगाचे डाग पडलेला, धुऊन धुऊन जाडाभरडा झालेला. विद्यापीठाच्या आवारात पालकांसाठी मांडव घातला होता. कोणाचे आजी-आजोबा, कोणाचे काका, थर्मास, पंखे. आईनं लेकीचं मनगट दाबलं आणि सोडलं. "हातांचं नाही," ती पुन्हा म्हणाली. तिच्या मुठीत लाल पुडी होती.

हाताच्या कामाच्या दालनात टेबलांवर ताटल्या झाकून ठेवल्या होत्या. आ-युनच्या मनात एकच धावा चालू होता: खडू, खडू, खडू असू दे. घंटा झाली. तिनं झाकण उचललं.

साबण.

पांढऱ्याशुभ्र साबणाची एक वडी, एक कोरणी, आणि दाढेचं चित्र. खडू पाणी पितो. साबणाला पाणी लागलं की काय होतं हे केस धुणारीच्या मुलीला कोणी शिकवायला नको. तिनं वडी उचलली तेव्हा तळवे आधीच चकाकत होते. दोन-तीन कडा कापल्या आणि वडी हातातून मासोळीसारखी सटकली, टेबलावर आपटून पुढच्या मुलाच्या खुर्चीखाली गेली. ती गुडघ्यांवर रांगत गेली, घेऊन आली. पुन्हा धरली. आता बोटांच्या फटींतून फेस येऊ लागला. खरोखरचा, मऊ, पांढरा फेस. शेजारची मुलगी क्षणभर बघत राहिली. आ-युनला ओरडावंसं वाटलं की बघू नको. दाढेचा एकही खळगा पडला नव्हता आणि पहाऱ्यावरच्या बाई म्हणाल्या, अर्धा वेळ संपला.

उठून जावं, आईला घेऊन बस पकडावी, फार्मसी तर फार्मसी. आणि मग, विचार करून नव्हे, हाताला सवय होती म्हणून तिनं खिशातला टॉवेल काढला. आई ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून धरते तसा वडीला गुंडाळला आणि टॉवेलासकट घट्ट धरली. वडी हलली नाही.

पहाऱ्यावरच्या बाई आल्या. "हे काय?"

"घाम पुसायला." तिला दोनदा सांगावं लागलं. बाईंनी टॉवेल उलटासुलटा झटकून पाहिला, परत दिला.

उरलेल्या वेळात ती एकेक बाजू उघडी करून कोरत गेली. दाढ झाली. चित्रातल्यासारखी झाली की नाही हे तिला दिसत नव्हतं. दिसलं ते एवढंच की दाढेच्या दोन्ही गालांवर टॉवेलच्या विणीची जाळी उमटली होती, आणि ती घासून काढायला गेली तेव्हा घंटा वाजली.

मुलाखतीच्या खोलीबाहेर खुर्च्यांची रांग होती. आत जाणारं पोर ताठ जाई आणि बाहेर येणारं कोणाकडे न बघता निघून जाई. आ-युन टॉवेल पिळत बसली होती. वृद्धाश्रम, आजी-आजोबा, त्रास, थांबायचं. चोखंदळ, चोखंदळ. तिचा क्रमांक पुकारला गेला.

आत दोघं होते. पांढऱ्या आखूड केसांच्या एक बाई, आणि कपाळावर चष्मा चढवलेले एक प्राध्यापक. आणि टेबलाच्या मधोमध, कागदावर, तिची दाढ. ती तिथे असेल हे फांग सरांनी सांगितलं नव्हतं. आ-युन वाकून नमस्कार करून बसली आणि हात मांड्यांखाली घातले.

"दातांचंच का?" प्राध्यापकांनी विचारलं.

तिनं वृद्धाश्रम सांगितला. त्रास म्हणताना थांबली. प्राध्यापकांनी कागदावर काहीतरी टिपलं; सकाळपासून त्यांनी बरेच वृद्धाश्रम ऐकले असावेत.

"दोष?"

तिनं चोखंदळपणा सांगितला. प्राध्यापकांनी जांभई दाबली. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं, आणि आ-युनला पहिल्यांदा वाटलं की निभावतंय.

इतका वेळ गप्प असलेल्या बाईंनी दाढ उचलली. खिडकीकडे धरली. "चोखंदळ म्हणतेस. मग हे काय? दोन्ही बाजूंना कापडाची वीण उमटलीय. सकाळपासून एवढे दात पाहिले, असा एकही नाही. हे मुद्दाम केलंयस?"

हो म्हणायचं होतं. पकड यावी म्हणून केलं, नक्षी म्हणून केलं, काहीही. फांग सरांच्या पोतडीतून काहीतरी निघालं असतं. पण तिनं तोंड उघडलं आणि मांड्यांखालून ओल पँटमधून खुर्चीवर उतरल्याचं तिला जाणवलं. उठल्यावर इथे दोन ठसे दिसणार. ती गेल्यावर हे दोघं ते बघणार. सात वर्षांची असताना पुसायला फ्रॉक तरी होता. तिला एकदम फार थकल्यासारखं झालं, भिऊन भिऊन माणूस थकतं तसं.

"नाही," ती म्हणाली. "माझे हात गळतात." आणि मांड्यांखालचे हात काढून तिनं टेबलावर उताणे ठेवले. एक थेंब बोटावरून टेबलावर पडला. तिघांनीही तो पाहिला.

संपलं, आ-युनला वाटलं. पण संपल्यावरही खोलीतून उठून कसं जायचं हे क्लासमध्ये शिकवलं नव्हतं.

"मग या हातांनी," प्राध्यापक चष्मा नाकावर ओढत म्हणाले, "दातांचंच का? हे खरं विचारतोय मी."

तिनं खुर्चीवरचे ठसे सांगितले, फ्रॉक सांगितला, डॉक्टरांचा पंजा सांगितला. नाव घेतलं नाही. "माझा हात धरून कोणी एवढा वेळ बसलं नव्हतं. पेशंट भ्यायलेले असतात, सर. मला भ्यायलेलं माणूस कळतं. दुसरं काही कळतं की नाही ठाऊक नाही."

"हात धुतल्यावर पेशंटचा हात धरत बसला तो डॉक्टर? माझ्या दवाखान्यात मी कान उपटले असते त्याचे," प्राध्यापक म्हणाले. हसले मात्र नाहीत. "हातमोज्यात पाणी साचलं की कातडी सोलते. ओल्या हातावर मोजा चढतच नाही, फाटतो. ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे. भांड्यांचे मोजे घालून खडू कोरलेत. दोनदा कातडी गेली."

"हे बहुधा घराण्यात असतं," बाई म्हणाल्या. दाढ अजून त्यांच्या हातात होती. "घरात आणखी कोणाला आहे?"

"कोणालाच नाही," आ-युन म्हणाली. "बाबांचे हात तर अगदी कोरडे, हिवाळ्यात भेगा पडतात. आणि आईचे... आई केस धुते, तिचे हात तर कायमच ओ—"

ती थांबली.

खांद्यावरचा टॉवेल. पांढरे मोजे, ढगाळ दिवशीसुद्धा. पत्त्यांचा डाव मांडला की आई भांड्यांकडे. आईच्या फोनला आईचं बोट कधी ओळखू येत नाही म्हणून घरात होणारी चेष्टा. आणि मनगट. अठरा वर्षं मनगट.

"आई-वडिलांचा व्यवसाय इथे सांगायचा नसतो," प्राध्यापक हळूच म्हणाले, आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. दारावर टकटक झाली. वेळ संपली होती.

निकालाचं इथेच सांगून टाकलेलं बरं, उगाच कोणाचा जीव टांगणीला नको. आ-युन प्रतीक्षायादीत लागली. नियम मोडल्याचे गुण कापले गेले असतील. आई काय करते ते बोलून गेली हे ऐकून फांग सरांनी तिच्यासमोर स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. पुढे वरची मुलं दुसरीकडे वैद्यकीयला गेली, यादी सरकली आणि तिला जागा मिळाली. आज ती तिथे शिकते, आणि इतरांपेक्षा दुप्पट हातमोजे फाडते. पण त्या दुपारी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या दुपारी आ-युन खोलीतून बाहेर पडली ती सगळं घालवून आलेल्या माणसासारखी, आणि तिला भीती वाटत होती ती आता परीक्षकांची नव्हती. मांडवाकडे जायची वाटत होती.

आई मांडवाच्या टोकाला, उन्हाच्या छत्रीखाली उभी होती. लेक दिसताच तिनं आधी तिच्या हातांकडे पाहिलं आणि मग तोंडाकडे. "काय गं? काय विचारलं? एवढी पांढरी का पडलीयस?"

"आई, मूठ उघड."

"कशाला? पुडी आहे त्यात."

"उघड ना."

आईनं मूठ मागे घेतली. आ-युननं तिचं मनगट धरलं, आयुष्यात पहिल्यांदा तिनं आईचं धरलं, आणि बोटं एकेक करून उघडली. कागदाचा लगदा झाला होता. तांदूळ फुगून तळव्याला चिकटले होते. आणि आईचा तळवा लालभडक. लाल पाणी रेषारेषांतून मनगटाकडे ओघळत होतं.

"मेल्यांचा रंग कच्चा आहे," आई घाईघाईनं म्हणाली. "आणि उकडतंय किती, बघ."

"आज दुकान बंद आहे, आई. सकाळपासून तू पाण्यात हात घातलेला नाहीस."

आईनं इकडेतिकडे पाहिलं. जवळच कोणाचे तरी आजोबा पेंगत होते, तरी तिनं छत्री खाली घेतली. तिचा चेहरा असा झाला की आ-युनला तो ओळखू आला. आरशात रोज पाहिलेला होता.

"तू सांगितलंस का आत? हातांचं?"

"सांगितलं."

"आणि माझं?"

"तुझं मला ठाऊकच नव्हतं. घरात आणखी कोणाला आहे, असं त्यांनी विचारलं. मी कोणाला नाही म्हटलं, आणि म्हणता म्हणता..."

आईनं लाल तळवा झटकला, दोन-चार तांदूळ खाली पडले. "मला काय केस धुवायची हौस होती असं वाटलं तुला?" ती म्हणाली. "माझ्या आईनं बँकेत चिकटवलं होतं मला. तिसऱ्या दिवशी सोडली. पाण्यातल्या हाताला, आ-युन, ओला का म्हणून कोणी विचारत नाही."

"मग माझा हात का नाही धरलास कधी? मला वाटायचं तुला किळस येते."

"किळस?" आईचा आवाज चिरकला. पेंगणारे आजोबा जागे झाले. "अगं, तळव्याला तळवा लागला असता तर तुला कळलं नसतं का, हे कोणाकडून आलंय ते? तुला नळ म्हणायचे, पेन्सिल द्यायचे, तू रडत घरी यायचीस. म्हटलं, शिव्या द्यायच्या तर देवाला देऊ दे. मला नको. तेवढी एक भीती मला कधी उतरवता आली नाही."

आई डोळे पुसायला गेली आणि गालावर लाल पट्टा उमटला. मग तिनं छत्री मिटली, कारण बसची वेळ होत होती आणि काही झालं तरी बस चुकवणं तिला परवडत नसे.

फाटकाबाहेर मोठा रस्ता होता. सिग्नलवरचा हिरवा माणूस चालायला लागला. आईचा हात सवयीनं लेकीच्या मनगटाकडे गेला. आ-युननं मनगट सोडवून घेतलं आणि आपला पंजा आईच्या पंज्यात घातला. दोन्ही हात इतके ओले होते की पकड बसेना, सारखे निसटत, आणि दोघींना पुन्हा पुन्हा घट्ट धरावं लागत होतं. वेळ संपत आली म्हणून हिरवा माणूस पळायला लागला तेव्हा त्या रस्त्याच्या मध्यावर होत्या, आणि आ-युनचाही तळवा आता लाल झाला होता.